शांत पंख्याची कुळकथा

विजेवर चालणारे कोणतेही उपकरण घेतले, तरी त्याच्या पोटात शिरलेली वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. दिव्यातून तिचा काही अंश प्रकाशरूपाने जातो, ध्वनिक्षेपकातून अत्यल्प अंश नादरूपाने जातो; उरलेली सारी वीज तारा, रोध आणि पट्ट्या तापवण्यात खर्ची पडते. गणकयंत्र तर जी वीज घेते ती जवळजवळ सगळीच उष्णतेच्या रूपाने परत करते. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, हा नियम जेम्स ज्यूल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४१ साली जगापुढे मांडला. तेव्हापासून या उष्णतेचा हिशेब मांडता येऊ लागला. पण तिची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला.

घरी बसून स्वतःच्या हाताने एखादे ध्वनिवर्धक यंत्र किंवा छोटे गणकयंत्र जुळवणाऱ्या हौशी माणसापुढे हा प्रश्न फार स्पष्ट रूपात उभा राहतो. सुटे भाग जोडून झाले की धूळ, पाल, झुरळ आणि मुलांचे हात यांपासून ते जपण्यासाठी त्यांवर पेटी चढवावी लागते. पेटी चढवली की आतली हवा कोंडते. हवा कोंडली म्हणून पंखा बसवावा, तर त्याची अखंड घरघर सुरू होते. ज्या यंत्रातून तंबोऱ्याचा षड्ज ऐकायचा, त्याच यंत्राच्या पाठीमागे पंखा आपला वेगळा सूर लावून बसतो. पंखा काढावा तर यंत्र जळण्याची धास्ती, ठेवावा तर ऐकण्याचा बेरंग. या पेचातून सुटण्याचा उपाय आज सर्वांना ठाऊक आहे. जेवढी उष्णता असेल तेवढ्याच वेगाने फिरणारा पंखा बसवला म्हणजे झाले. उपाय साधा दिसतो, आणि त्याला लागणारे सुटे भागही फार महाग नसतात. परंतु या साधेपणाच्या मागे चारशे वर्षांची परंपरा आहे, आणि ती पाहिली म्हणजे या छोट्या पंख्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून कॉर्नेलिस ड्रेबल या डच संशोधकाचे नाव घ्यावे लागते. १५७२ साली हॉलंडातील आल्कमार येथे जन्मलेला हा कल्पक पुरुष पुढे इंग्लंडात राजाश्रयाला गेला आणि १६३३ साली लंडनमध्ये मरण पावला. कोंबडीवाचून अंडी उबवण्यासाठी त्याने एक भट्टी रचली. अंड्यांना लागणारी ऊब कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही. भट्टीपाशी रात्रंदिवस माणूस बसवून ठेवावा, तर त्याचा डोळा लागताच सारे मुसळ केरात. ड्रेबलने भट्टीत मद्यार्क भरलेली एक नळी ठेवली आणि तिला पारा भरलेली वाकडी नळी जोडली. ऊब वाढली की मद्यार्क प्रसरण पावून पाऱ्याला रेटी, पारा वर चढून एक दांडी उचली, आणि ती दांडी हवेच्या वाटेवरची झडप बंद करी. वारा मिळेनासा झाला की आग मंदावे. आग मंदावली की पारा उतरे आणि झडप पुन्हा उघडे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पाऱ्याचा भरवशाचा तापमापक फॅरनहाइटने तयार केला तो १७१४ च्या सुमारास. म्हणजे उष्णता नेमकी किती, हे ठरलेल्या अंशांत सांगण्याची सोय होण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे ड्रेबलने तिला लगाम घातला होता. उष्णतेचा आकडा सांगता येणे ही एक गोष्ट आणि उष्णता वाढताच यंत्राने स्वतः हालचाल करणे ही दुसरी. पेटीतल्या पंख्याला लागते ती ही दुसरी विद्या होय.

या विद्येतील पुढचे पाऊल पडले ते सागरी घड्याळाच्या निमित्ताने. जॉन हॅरिसन हा इंग्लंडातील सुतार आणि घड्याळजी. जहाजाचे रेखांश कळण्यासाठी समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ हवे होते, आणि थंडीउन्हाने त्याची गती बदलता कामा नये, अशी अट होती. १७४० साली हाती घेतलेल्या आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळावर हॅरिसनने एकोणीस वर्षे खर्च केली. त्यात त्याने पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींना रिव्हेटांनी जखडून एक जोडपट्टी बसवली. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा अधिक वाढते. पण दोघे जखडलेले असल्यामुळे पट्टी लांबण्याऐवजी वाकते. हे वाकणे म्हणजेच उष्णतेचे हालचालीत झालेले रूपांतर. हॅरिसनने त्याचा उपयोग घड्याळाच्या स्प्रिंगची परिणामी लांबी बदलून गती सावरण्यासाठी केला. पुढे १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अशाच द्विधातू पट्टीच्या साह्याने कारखान्यांतील उष्णता आवरण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले आणि तिला ग्रीक शब्दांवरून ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. आज कपड्यांच्या इस्त्रीत तापमान राखणारी पट्टी याच कुळातली आहे.

मात्र उष्णतेचे नियंत्रण आणि शांतता या दोन गोष्टींची गाठ पहिल्यांदा पडली ती एका वर्गात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षकांना तयार करणारी एक सरकारी शाळा होती. तेथे वॉरन जॉन्सन हे अध्यापक होते. कडाक्याच्या थंडीत इमारत गरम ठेवणारी भट्टी तळघरात असे. कोणत्या वर्गात ऊब कमी आहे, कोठे जास्त आहे, हे पाहण्यासाठी शाळेचा शिपाई वरचेवर प्रत्येक वर्गात येई आणि मग तळघरात जाऊन झडपा सरकवी. शिपाई आपले कर्तव्यच बजावत होता. पण त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर शिकवण्याचा धागा तुटे. हा व्यत्यय थांबावा म्हणून जॉन्सन यांनी वर्गातच उष्णता ओळखणारे एक विजेचे उपकरण बसवण्याची कल्पना काढली. वर्गातले तापमान ठरल्या मर्यादेबाहेर गेले की त्याच्या इशाऱ्याने तळघरात घंटा वाजे, आणि भट्टी सांभाळणारा माणूस तेथूनच झडप सरकवी. १८८३ साली त्यांना त्याचे एकस्व मिळाले, आणि १८८५ साली मिलवॉकी येथे त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली.

या घटनेचा आशय फार मोठा आहे. शिपायाची वर्दळ होती ती उष्णतेमुळे नव्हे, उष्णतेची खबर नसल्यामुळे. खबर मिळण्याचे साधन नाही, म्हणून वरचेवर जाऊन पाहावे लागे, आणि पाहण्याच्या निमित्ताने वर्गाची शांतता भंगे. अहोरात्र एकाच वेगाने भणभणणारा पंखा हा या शिपायाचाच भाऊबंद म्हणावा लागेल. पेटी गरम आहे की गार हे त्याला कळत नाही; सर्वांत वाईट घटका जणू आत्ताच आली आहे असे समजून तो राबत राहतो.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आरंभीच्या काळात मात्र पंखा नव्हताच. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या पाठीमागचा भोके पाडलेला पुठ्ठा आठवत असेल. ती भोके शोभेसाठी नव्हती. व्हॉल्व्हच्या तापाने आतली हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून निघून जाई आणि खालच्या भोकांतून गार हवा आत येई. जुन्या वाड्यांतील झरोके ज्या तत्त्वावर बांधलेले असत, तेच हे तत्त्व. कोणतेही यंत्र न फिरवता, कोणताही आवाज न करता, उष्णता स्वतःच स्वतःला बाहेर नेत असे. पाच-सहा व्हॉल्व्हच्या रेडिओला एवढे पुरे होते.

व्हॉल्व्हची संख्या हजारांत गेली तेव्हा हा निसर्गमार्ग अपुरा पडला. फिलाडेल्फिया येथे मॉक्ली आणि एकर्ट यांच्या योजनेनुसार उभारलेले ‘एनिॲक’ हे गणकयंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांपुढे आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि ते सुमारे १५० किलोवॉट वीज खाई. एवढी सगळी वीज खोलीत उष्णता होऊन उतरणार, म्हणून यंत्राच्या कपाटांतून मोठमोठ्या झोतपंख्यांनी हवा खेळवावी लागे. शिवाय एखादे कपाट फाजील तापले तर वीज तोडणारे थर्मोस्टॅटही बसवलेले होते. यंत्र बंद-चालू करताना तापण्या-निवण्याच्या फेऱ्यात व्हॉल्व्ह अधिक निकामी होत, म्हणून ते शक्यतो चालूच ठेवले जाई. उष्णतेइतकाच उष्णतेतील चढउतारही यंत्राला मारक असतो, हा धडा तेथे मिळाला.

भारतात या स्वरूपाचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेले पूर्ण आकाराचे गणकयंत्र १९६० साली कार्यान्वित झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. त्या काळच्या एखाद्या सामान्य लहान व्हॉल्व्हची तार ६.३ व्होल्ट दाबाखाली ०.३ अँपिअर प्रवाह घेई, म्हणजे केवळ तापून लाल होण्यासाठी तिला जवळजवळ दोन वॉट लागत. या हिशेबाने २,७०० व्हॉल्व्ह नुसते जागे ठेवायचे तरी पाच किलोवॉटहून अधिक उष्णता निर्माण होईल. मुंबईच्या दमट हवेत, एका खोलीत, पाच मोठ्या शेगड्या अखंड पेटत्या ठेवण्यासारखेच हे झाले. त्या काळी पेटीऐवजी सबंध खोलीच थंड ठेवण्याची रीत पडली, ती अशा गरजेतून.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि तापत्या तारेची गरज संपली. उष्णतेचा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. पण तो नव्या वेषात पुन्हा दारात उभा राहिला. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की त्यातून अधिक प्रवाह वाहतो. अधिक प्रवाहाने तो आणखी तापतो. आणखी तापल्याने प्रवाह आणखी वाढतो. या दुष्टचक्रात तो स्वतःच स्वतःला जाळून घेतो. व्हॉल्व्ह तापूनही काम करी. ट्रान्झिस्टरला ताप सोसवत नाही. त्याला जाड ॲल्युमिनियमच्या पंखदार पत्र्यावर बसवण्याची पद्धत याच भयापोटी रूढ झाली.

आश्चर्य असे की ज्या गुणधर्माने हा घात केला, त्याच गुणधर्मातून रक्षकही निर्माण झाला. १८३३ साली मायकेल फॅरडे यांना सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात एक विपरीत वर्तन आढळले होते. धातू तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. हा पदार्थ तापला की त्याचा विरोध कमी होत गेला. शंभर वर्षे ही नोंद जवळजवळ कुतूहलापुरतीच राहिली. १९३० साली सॅम्युएल रूबेन यांनी अशा वर्तनाचा उपयोग करणारे व्यवहारोपयोगी साधन बनवले, आणि पुढे ‘थर्मिस्टर’ या नावाने ते बाजारात आले. हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान असा हा तुकडा तापल्या पत्र्याला चिकटवून ठेवला की पत्र्याचा ताप त्याच्या विरोधाच्या रूपाने विजेला कळतो. ड्रेबलची पाऱ्याची नळी, हॅरिसनची जोडपट्टी आणि जॉन्सनचे वर्गातले उपकरण यांचे सारे काम या दाण्यात मावले.

तरीही गणकयंत्रे घरात आली ती बहुतेक आंधळे पंखे घेऊनच. १९८१ साली आयबीएम कंपनीने वैयक्तिक गणकयंत्र बाजारात आणले. त्याच्या ६३.५ वॉटच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातच पंखा होता, आणि यंत्र चालू असेतो तो फिरत राही. पंख्याची ही कटकट मुळातच नको, असे मानणाराही एक पक्ष होता. १९७७ सालच्या ‘ॲपल दोन’ या यंत्रात रॉड होल्ट यांनी कमी तापणारा नव्या पद्धतीचा वीजपुरवठा योजला आणि पंख्याची गरजच काढून टाकली. येथे शांतता मिळाली ती उष्णता कमी केल्यामुळे. पण १९८० सालच्या ‘ॲपल तीन’ या यंत्रात पंखाही नसावा आणि हवेसाठी झरोकेही नसावेत, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह राहिला. ॲल्युमिनियमच्या जाड कवचातून उष्णता बाहेर जाईल अशी अपेक्षा होती. पुढे यंत्रे बिघडू लागली आणि आतील सुटे भाग आपल्या खाचांतून निसटू लागले. यंत्र काही इंच उचलून पुन्हा टेबलावर सोडावे म्हणजे भाग जागी बसतील, असा अजब सल्ला ग्राहकांना देण्याची पाळी आली. बिघाडाचे खापर कोणी उष्णतेवर फोडले, तर कोणी आतील मंडलपट्टीवरच्या दाट रेषांवर. कारण कोणतेही प्रमुख धरले, तरी त्या यंत्राची अब्रू गेली ती गेलीच. शांततेचा नुसता हुकूम सोडल्याने शांतता मिळत नाही. उष्णतेला वाट देण्याची तजवीज तिच्या आधी करावी लागते.

ही तजवीज आणि शांतता यांचा मेळ कसा बसतो, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित पुरते. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी वाहते. परंतु पंख्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे वेगात थोडीशी माघार घेतली की शांततेचा लाभ फार मोठा होतो. उलट बाजू अशी : पेटीत १०० वॉट उष्णता निर्माण होत असेल आणि दर सेकंदाला दहा लिटर हवा आरपार जात असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे ८ अंशांनी गरम असते. हवा निम्मी केली की हा फरक सुमारे १७ अंशांवर जातो. पुण्यात पौषातल्या रात्री खोलीत २० अंश असताना ही हवा ३७ अंशांची होईल. त्याने कोणाचेच बिघडत नाही. परंतु विदर्भात वैशाखातल्या दुपारी खोलीतच ४२ अंश असतील, तर तीच हवा ५९ अंशांवर जाईल. पंखा पूर्ण वेगाने फिरवला तर ५० अंशांवर थोपवता येईल. खोलीतल्या हवेपेक्षा पेटी गार करणे मात्र कोणत्याही पंख्याच्या हाती नाही.

या नऊ अंशांचे मोल थोडे नाही. वीजपुरवठ्यात जी विद्युत्-अपघटनी संधारित्रे असतात, त्यांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे एकच पंखा पौषातल्या रात्री मंद फिरावा आणि वैशाखातल्या दुपारी वेगाने फिरावा, यातच यंत्राचे आयुष्य आणि घराची शांतता या दोहोंचे हित आहे. एकच वेग कायमचा ठरवून टाकणे म्हणजे वर्षभर वैशाखाचा आवाज सोसणे, किंवा वैशाखात पौषाच्या भरवशावर राहणे.

घरगुती रचनेत हे साधताना जुन्या इतिहासातलेच धडे पुन्हा उपयोगी पडतात. थर्मिस्टर पेटीच्या कोपऱ्यात लोंबकळत ठेवून भागत नाही. जॉन्सन यांनी उपकरण तळघरात न ठेवता वर्गात ठेवले; तसाच थर्मिस्टरही जेथे ताप सर्वांत अधिक, त्या पत्र्यालाच घट्ट टेकलेला हवा. दुसरा धडा वाफेच्या यंत्रांनी दिला. गती आवरणारी साधने कधी स्थिरावण्याऐवजी हेलकावे खात राहतात, याची गणिती मीमांसा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली केली. पंख्याचेही तसेच होते. ४५ अंशांवर सुरू आणि ४४ अंशांवर बंद असा नियम ठेवला, तर तो सारखा सुरू-बंद होत राहतो, आणि ही चाळवाचाळव एकसुरी घरघरीपेक्षाही कानाला अधिक टोचते. म्हणून सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या अंशांत पुरेसे अंतर ठेवावे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे तापाबरोबर वेग हळूहळू चढता ठेवावा. बारा व्होल्टचा पंखा फार कमी दाबावर सुरूच होत नाही, हेही ध्यानात घेऊन किमान वेग ठरवावा लागतो.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. थर्मिस्टर गार असताना त्याचा विरोध मोठा असतो. त्याची तार तुटली तर विरोध अनंत होतो. म्हणजे नियंत्रकाला पेटी अतिशय गार असल्याचा भास होतो आणि तो पंखा थांबवतो. पेटी तापत राहते, आणि सर्वत्र शांतता असते. ही शांतता फसवी आणि घातक होय. म्हणून जाणत्या रचनाकाराने तार तुटताच पंखा पूर्ण वेगाने सुटेल अशी मांडणी करावी, आणि त्याखेरीज फाजील ताप होताच वीज तोडणारी द्विधातू पट्टीची चकती वेगळी बसवावी. एनिॲकच्या कपाटांतील थर्मोस्टॅट हेच राखणदारीचे काम करीत होते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गणकयंत्रांसाठी चार तारांच्या पंख्याचे प्रमाण रूढ झाले. त्यात पंख्याचा वेग आवरणारे विजेचे ठोके सेकंदाला सुमारे २५,००० या गतीने येतात. माणसाचा कान २०,००० च्या पलीकडचे कंपन ऐकत नाही, म्हणून नियंत्रणाची चाहूलसुद्धा लागू नये, अशी ही योजना आहे. आणि त्याच प्रमाणात आणखी एक कलम आहे : नियंत्रणाचा इशारा येईनासा झाला, तर पंख्याने पूर्ण वेगाने फिरावे. ज्याला उष्णतेची खबर आहे त्याने शांत राहावे, आणि खबर तुटली की मोठ्याने ओरडावे, असाच या कलमाचा अर्थ. जॉन्सन यांच्या तळघरातली घंटाही गरज पडेल तेव्हाच वाजत होती. अशा पंख्याचा आवाज ज्या दिवशी घरात अचानक वाढेल, त्या दिवशी त्याला त्रास न मानता पेटी उघडून पाहावी. कारण इतके दिवस तो गप्प होता, तो अशाच वेळी बोलता यावे म्हणून.